इंजिनमध्ये गरम हवा गेली तर गाडीची ताकद खरंच कमी होते का?

तुमचे प्रश्न दोन. सकाळी पळणारी गाडी दुपारी जड का वाटते, आणि मित्र म्हणतो तसा उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसवावा का. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्यावर मी सविस्तर लिहिणार, कारण याच फिल्टरवरून माझा आणि माझ्या मेहुण्याचा वाद अजून मिटलेला नाही.

२५ अंशांची हवा ५५ वर गेली की तिची घनता साधारण ९ टक्क्यांनी घटते. सिलिंडरला ऑक्सिजन कमी मिळतो, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोलही त्याच मापात कमी करतो आणि जोर उतरतो. शिवाय गरम हवेत नॉकिंगचा (सिलिंडरमध्ये इंधन वेळेआधी, आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो, म्हणून इग्निशन टायमिंग मागे घेतलं जातं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकली जाते, त्यानेही ताकद घटते. दुपारी एसीचा कंप्रेसरही इंजिनवर बसलेला असतो, तेही धरा.

आता फिल्टर. कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, ग्रिलच्या मागून, बाहेरची हवा ओढतो. मेहुण्याने तो काढून टाकला आणि बॉनेटखाली, रेडिएटरच्या झळा येतात तिथेच उघडा कोन लावला. गाडी घुमायला लागली आणि "पिकअप बघ कसा वाढलाय" हे सुरू झालं. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या. मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून एकाच दुपारी, एकाच रस्त्यावर दोन्हींचं इनटेक तापमान, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, पाहिलं. बाहेर ३३ अंश. सिग्नलला माझ्या गाडीत ४१, त्याच्या गाडीत ६२. सिग्नल सुटला तरी त्याचा आकडा लवकर उतरेना, आणि जोर तर नेमका तेव्हाच लागतो. त्याचं म्हणणं, सेन्सर स्वतःच तापतो म्हणून आकडा फुगतो. उभ्या गाडीत तसं होतं, मान्य. पण सेन्सर दोन्हीकडे तोच, जागाही तीच, मग २१ अंशांचा फरक आला कुठून? यावर तो म्हणाला, "आवाज ऐक की!" कानाला जोरात वाटलं म्हणून गाडी जोरात पळत नसते. नव्या गाडीच्या इंजिनला कंपनीचा स्वच्छ फिल्टर पुरेशी हवा देतो, आडवी येते ती उष्णता.

घनता ९ टक्के घटली म्हणून ताकदही तेवढीच घटते असं मात्र नाही. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) वेगवेगळ्या तापमानाला आलेले आकडे २५ अंशांच्या हिशोबात आणायला एसएई जे१३४९ हे मानक वापरतात. साध्या, बिनटर्बो पेट्रोल इंजिनासाठी त्यात निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाचं वर्गमूळ धरतात, त्या हिशोबाने इथे घट ५ टक्क्यांच्या आसपास येते. टायमिंग मागे गेलं तर त्यात आणखी भर. टर्बो असेल तर गणित वेगळं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, दाबताना ती १०० अंशांच्या वर सहज जाते आणि सगळी भिस्त ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर असते, तेव्हा त्याच्या जाळीत चिखल अडकलाय का ते आधी बघा. आणि मायलेजसाठी थंड हवेच्या मागे लागू नका. अॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना पेट्रोल इंजिनाला थोडी कोमट हवा उलट सोयीची पडते, कारण थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) जास्त उघडा राहतो आणि हवा ओढायला कमी कष्ट पडतात.

बसवायचाच असेल तर बंद डब्यातला, पुढून नळीने बाहेरची हवा घेणारा बसवा. मित्राला आधी आणि नंतरचं इनटेक तापमान एकाच सिग्नलवर दाखवायला सांगा. मेहुण्याला मी हेच म्हणतोय, एकदा कंपनीचा डबा परत लावून मोज. तो अजून तयार झालेला नाही.