न्यायालयीन कोठडी नेमकी कुठे असते?

प्रश्न असा आहे : 'आरोपीला 14 दिवसांची न्यायालयीन कोठडी' अशी बातमी येते, तेव्हा ही कोठडी न्यायालयाच्या इमारतीत असते का? आणि 14 दिवसांनी आरोपी सुटतो का?

दोन्ही नाही. 'न्यायालयीन' हे विशेषण जागा सांगत नाही, ताबा कोणाचा ते सांगतं. ताबा न्यायालयाचा, मुक्काम तुरुंगात : येरवडा, आर्थर रोड किंवा जिल्हा कारागृह. कोर्टाच्या आवारात मात्र हे शब्द क्वचितच कानावर पडतात. तिथे पोलीस कोठडीला 'पीसीआर' आणि न्यायालयीन कोठडीला 'एमसीआर' म्हणतात; त्यातला एम मॅजिस्ट्रेटचा. 'एमसीआर झाला' असं कळलं की घरची माणसं वकिलाला जामिनाचं विचारू लागतात.

अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. हत्यार हस्तगत करायचंय, साथीदार शोधायचेत, अशी कारणं रिमांड रिपोर्टात देऊन पोलीस कोठडी मागतात. सर्वसाधारण कायद्यात ती एकूण 15 दिवसांवर जात नाही. पूर्वी हे दिवस पहिल्या पंधरवड्यातच वापरावे लागत. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे ते गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यानेही घेता येतात. 'पोलीस कोठडीचा हक्क राखून न्यायालयीन कोठडी' हा बातमीतला लांबलचक प्रयोग त्यासाठीच : आरोपी तुरुंगात गेला, पण पोलिसांचे उरलेले दिवस शिल्लक आहेत. मला हा बदल काळजीचा वाटतो, कारण एमसीआर झाल्यावरही पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाण्याची टांगती तलवार राहते.

आता 14 दिवसांचं. एका आदेशाने 15 दिवसांपेक्षा जास्त कोठडी देता येत नाही, म्हणून तारखेमागून तारीख पडते आणि कोठडी वाढत जाते. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. अर्ज मात्र करावा लागतो. वेळेत आलं, तर जामीन मिळेपर्यंत किंवा निकाल लागेपर्यंत माणूस 'कच्चा कैदी' म्हणून आतच.

म्हणूनच 'कोठडी सुनावली', 'कोठडी ठोठावली' हे प्रयोग मला चुकीचे वाटतात. ती क्रियापदं शिक्षेची आहेत, आणि इथे दोष अजून सिद्धच झालेला नसतो. 'कोठडी दिली' किंवा 'कोठडीत पाठवलं' असं लिहावं.