गादीची वॉरंटी दहा वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच

प्रश्न (ठाणे, थोडक्यात): आम्हा नवरा-बायकोची वजनं 112 आणि 94 किलो. ऑगस्ट 2022 मध्ये 46,000 रुपयांची 78×60 इंच, सहा इंच जाडीची लेटेक्स (रबरी फोमची) गादी घेतली. वॉरंटी दहा वर्षं. वर्षभरात दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं खड्डा पडला. कंपनी म्हणते, कार्डावर माणशी 100 किलोची मर्यादा आहे. दोन वर्षं ईमेल चालू आहेत. आता नव्या गादीवर 30 टक्के सूट देतायत. वॉरंटी 2032 पर्यंत आहे, म्हणजे घाई नाही ना?

उत्तर: घाई आहे. वजनाच्या अटीवर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि तारखांवर दोन ओळी. नेमकं उलटं हवं होतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. वॉरंटी दहाची असो की वीसची, दोष दिसला किंवा कंपनीने नकार दिला की ही दोन वर्षं सुरू होतात. तुम्हाला पहिला नकार 14 नोव्हेंबर 2023 ला आला. त्यानंतरच्या अकरा ईमेलनी मुदत एका दिवसानेही वाढलेली नाही. वकिलाच्या नोटिशीने किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यानेही ती वाढत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितलंय.

आज 6 ऑक्टोबर 2025. नकारापासून मोजलं तर 39 दिवस उरतात. पण तुमच्याच पहिल्या ईमेलमध्ये वाक्य आहे, ‘गणपतीपासून गादी बसलीय.’ 2023 ची गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. कंपनीचा वकील तिथूनच मोजणार, आणि तसं मोजलं तर मुदत सतरा दिवसांपूर्वीच संपली. म्हणून तक्रारीसोबतच, नंतर नव्हे, विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडा. मुद्दा असा मांडा: मुदत नकारापासूनच धरावी, आयोगाला तसं वाटलं नाही तर या सतरा-अठरा दिवसांचा विलंब माफ करावा. इतका विलंब सहसा माफ होतो, पण गृहीत धरू नका. दिवाळीनंतर बघू, हे तर मुळीच नको.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ‘फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ ही कार्डावरची ओळ तुम्हाला अडवत नाही; तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा आयोगात जाता येतं. कंपनीसोबत दुकानदारालाही पक्षकार करा.

दुकानदार का, तर व्हॉट्सॲपमुळे. खरेदीआधी तुम्ही दोघांची वजनं कळवून कुठली गादी घेऊ विचारलंत आणि त्याने लिहिलं, ‘हीच घ्या, लेटेक्स बसत नाही.’ मालविक्री अधिनियम 1930 चं कलम 16 इथे उपयोगी पडू शकतं: गरज सांगून, विक्रेत्याच्या भरवशावर घेतलेला माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे. ब्रँडच्या नावाने मागितलेल्या वस्तूला हे लागू नाही, असा बचाव होईल. तुम्ही नाव न सांगता सल्ला विचारलात, हे त्यावरचं उत्तर. वजनाची अट पॅकिंगमधल्या कार्डावर, म्हणजे पैसे भरल्यानंतर दिसली, हेही लिहा. आयोग यातलं किती मानेल, ते आत्ता सांगता येत नाही.

आता ती दोन बोटं. कार्डावर दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटरपेक्षा खोल खड्डाच वॉरंटीत धरलाय. दोन बोटं म्हणजे साधारण 32 ते 40, अगदी वादाच्या रेषेवर. चादर, प्रोटेक्टर काढून गादी तासभर रिकामी ठेवा. या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून बांधा, सर्वांत खोल जागी स्टीलची पट्टी उभी धरा आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा; दोन्ही बाजूंना आणि मधल्या उंचवट्यावरही. खालचा प्लायवूडचा पलंगही फोटोत येऊ द्या, म्हणजे ‘पट्ट्यांमध्ये फटी होत्या’ हा बचाव उरत नाही.

शिवाय गादीचं वजन करा. या मापाची पूर्ण लेटेक्सची गादी, घनमीटरला 80 किलो घनता धरली तर, 37 किलोंच्या आसपास भरते. वर दोन इंच लेटेक्स आणि खाली चार इंच एचआर फोम (लेटेक्सपेक्षा हलका, साधा फोम) असेल तर पंचविशीत. बिलावर ‘100 टक्के लेटेक्स’ असून काटा पंचवीस दाखवत असेल, तर तक्रार नुसत्या खड्ड्याची राहत नाही. कव्हरला चेन असेल तरच उघडून थर बघा. शिवण उसवलीत तर वॉरंटी गेली म्हणून कंपनीवालेच ओरडतील.

तपासणीची गरज पडली तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. कायद्यात अशा प्रकरणाला पाच महिने दिलेत. प्रत्यक्षात किती लागतात, ते आयोगाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा. तोवर गादी जपून ठेवायची आहे. सूट घेतलीत तर जुनी गादी टेम्पोत जाईल आणि ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या पावतीवर तुमची सही असेल. त्यामुळे 30 टक्के सूट नको.