नागपुरात राहून, फक्त ऑनलाइन लिहून लेखक होता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी नागपुरात राहतो, कथा लिहितो आणि त्या ऑनलाइनच टाकतो. पुण्या-मुंबईला न जाता असं लेखक होता येतं का? आणि जे असं लिहितात ते वाचतात काय, लिहितात कधी?"

होता येतं. शहराची काळजी तर आधी सोडून द्या. कवी ग्रेस नागपुरातच राहिले, इथेच शिकवलं, आणि 2011 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. महेश एलकुंचवारांनी इथेच इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नोकरी केली आणि नाटकं लिहिली. सुरेश भट अमरावतीचे, पण पुढे नागपूरकर झाले. त्यांच्या काळी हस्तलिखित टपालाने पाठवून महिनोन् महिने उत्तराची वाट पाहावी लागायची. आज तीच कथा आपण रात्री जेवणं आटोपल्यावर टाकतो आणि सकाळी नांदेडचा कोणीतरी ती वाचून मोकळा झालेला असतो. विदर्भातल्या लेखकाला याहून मोठी सोय आजवर झाली नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

पण या सोयीत मधला एक माणूस गळाला, तो म्हणजे संपादक. कथा परत पाठवणारा, "शेवटची दोन पानं काढा" म्हणणारा. ऑनलाइन आपल्याला कोणीच अडवत नाही. म्हणून असं लिहिणाऱ्याला स्वतःचा संपादक स्वतःच घडवावा लागतो, आणि तो घडतो वाचनातून आणि लोकांना विचारण्यातून. मी बँकेत नोकरी करते, मानेवाड्याला राहते, वर्षानुवर्षं ऑनलाइन लिहिते आहे. माझा सगळा दिनक्रम या एका गोष्टीभोवती आहे.

वाचनाचं आधी सांगते, कारण त्यात जास्त वेळ जातो. आपल्या वेळचे लोक काय लिहितात ते रोज थोडं वाचते, पण रतीब म्हणून नाही. खरा वेळ जुन्या मराठीला देते, आणि ती आता घरबसल्या, फुकट मिळते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन कोणालाही मोकळेपणाने वापरता येतं. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात असं बरंच साहित्य आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, मराठी विश्वकोश पूर्ण उघडा आहे. केतकरांचा ज्ञानकोशही नेटवर आहे. त्यासाठीची ज्ञानकोश मंडळ ही कंपनी 1916 साली आपल्या नागपुरातच उभी राहिली होती, काम नंतर पुण्याला गेलं. एखाद्या संध्याकाळी सहज कुठलीही नोंद उघडून बघा, शंभर वर्षांपूर्वी मराठीत माहिती किती नेमकी सांगितली जायची ते कळेल.

आणि लीळाचरित्र वाचाच. मी हे प्रत्येक नव्या लेखकाला सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीचा हा मराठी गद्यग्रंथ आपल्या विदर्भातला, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यात आहेत, आणि त्यातली एकेक लीळा, म्हणजे प्रसंग, कधीकधी चार-सहा ओळींत संपते. कोण आलं, काय म्हणालं, चक्रधरस्वामींनी काय उत्तर दिलं, झालं. विशेषणांची आरास नाही, भावना समजावून सांगणं नाही, तरी माणूस समोर उभा राहतो. मोबाइलच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या कथेला यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही. भाषा सुरुवातीला अडते, पण टिपा असलेली प्रत घेतली की आठवड्याभरात कान बसतो. हा ग्रंथ संपादित करणारे वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे तोही धागा घरचाच.

त्याहून मोलाचं मला वाटतं ते हे की म्हाइंभटांनी तो लिहिला कसा. ज्याला जी आठवण ठाऊक, त्याच्याकडे ते स्वतः गेले, ऐकून घेतलं आणि मग चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ते तपासून घेतलं. सातशे वर्षांपूर्वी हे पायी हिंडून केलं. आपल्या हातात फोन आहे.

म्हणून मी कथा टाकण्याआधी विचारते. अलीकडचंच सांगते. फेब्रुवारीत माहेरी आलेली मुलगी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत उभी आहे, असा प्रसंग लिहायचा होता. माझ्या कथा नियमित वाचणारे तिकडचे एक बागायतदार आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, फळ पाह्यजे का फूल, ते आधी ठरवा." मग त्यांनी समजावलं. संत्र्याला पाणी तोडून ताण देतात, मग पाणी मिळालं की झाड फुलतं. आंबिया बहार धरला तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरच्या सुमारास फळं. मृग बहार धरला तर उन्हाळ्यात ताण, जून-जुलैत फुलं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाला सगळा उन्हाळा पाणी द्यावं लागतं, मृगाची फुलं मात्र पावसाच्या पाण्यावर निघतात.

एवढं ऐकलं आणि मला कथाच सापडली. दोन भावांच्या बागा शेजारी-शेजारी, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. थोरल्याच्या बोअरला पाणी, त्याने आंबिया धरलेला, बाग पांढऱ्या फुलांनी घमघमते आहे. धाकट्याची विहीर मार्चलाच तळ गाठते, म्हणून त्याचा मृग, आणि झाडं फळांनी वाकलेली. वाटणीत पाणी कोणाला गेलं हे मुलीला नुसतं उभं राहून दिसतं, कोणाला काही बोलावं लागत नाही. हे मला टेबलाशी बसून कधीच सुचलं नसतं. वाचक लेखकाच्या इतका जवळ असणं हीच ऑनलाइन लेखनाची खरी कमाई आहे, लाइकचा आकडा नाही. जाणकार वाचक ओळखून ठेवा. त्यांना कथा टाकल्यावर पाठवाल ती पाठवाल, पण आधी पाठवा.

लिहिण्याची वेळ म्हणाल तर माझी पहाटेची, घरातले उठायच्या आत. पहिला खर्डा फोनवर कधी करत नाही. संगणकावर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाने टंकते. शिकायला थोडे दिवस लागतात, पण नंतर "र्‍ह", "ऱ्य" असली जोडाक्षरं शोधत बसावं लागत नाही. खर्डा झाला की तो काही दिवस उघडायचा नाही. मग मोठ्याने वाचायचा, अगदी आवाज काढून. खोटी वाक्यं जिभेला लगेच लागतात.

एक वाक्य दाखवते. आधी असं होतं: "मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, घामाने निथळत, आई थकल्या पावलांनी सीताबर्डीच्या गजबजलेल्या बाजाराकडे निघाली होती." मोठ्याने वाचल्यावर त्यातला एकही शब्द माझा नाही हे कळलं, सगळे तयार मिळालेले. आता ते असं आहे: "आईने पर्समध्ये कांदा टाकला, दुपट्टा कानावरून घट्ट बांधला आणि बर्डीवर निघाली." नागपूरच्या वाचकाला मे महिना वेगळा सांगावा लागत नाही, आणि बाहेरच्यालाही कांद्यावरून ऊन कळतंच. माझा बहुतेक वेळ लिहिण्यापेक्षा अशा बदलांत जातो, आणि तो मला सगळ्यात आवडता वेळ आहे.

आता पैसे आणि हक्क. ऑनलाइन लेखनावर घर चालत नाही, नोकरी सोडू नका. पण हक्कांबाबत जागे राहा. अॅपवर कथा टाकताना किंवा ऑडिओवाल्यांना देताना करार शेवटपर्यंत वाचा. कायद्याने हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत की ते परत तुमच्याकडे येतात. "कायमचे, जगभरासाठी, सर्व माध्यमांत" असं दिसलं की थांबा आणि बदल मागा. मागितल्यावर बरेच जण करतात. स्वतःचं पुस्तक काढायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आणि सगळंच ऑनलाइन टाकू नका. दिवाळी अंकांना सहसा अप्रकाशित कथा लागते, आणि नेटवर आलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात. वर्षातली सगळ्यात चांगली एक कथा बाजूला ठेवा आणि पावसाळा सुरू होता होता पाठवून द्या. तिथे तुम्हाला खराखुरा संपादक भेटेल. छापखान्यात अजून जुने फॉन्ट चालतात, युनिकोडमधून तिकडे जाताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, तेव्हा प्रूफ आवर्जून मागून घ्या. विदर्भ साहित्य संघात, झाशी राणी चौकात, कार्यक्रमांना येत जा. 1923 ची संस्था आहे, 'युगवाणी' हे तिचं नियतकालिक, त्यालाही कथा पाठवून बघा.

तुमची एखादी कथा मला वाचायला द्यायची असेल तर जरूर द्या, पण अजून कुठेही न टाकलेली द्या.