घरी परतणाऱ्यांच्या कादंबऱ्या आणि घरी राहिलेली बहीण

सारे काही गमावून मूळ गावी परतणाऱ्या आणि तिथे नव्याने सुरुवात करणाऱ्या माणसांच्या समकालीन ख्रिस्ती कादंबऱ्या एकसारख्याच का वाटतात आणि त्यांतली कोणती वाचावी, असे आपण विचारले आहे. साचा आहेच: मोडलेले लग्न, आजीने मागे ठेवलेले घर, तरुणपणीचा मित्र, चर्चचा समजूतदार पाळक आणि शेवटच्या प्रकरणाआधी क्षमा. या कादंबऱ्या मुख्यतः अमेरिकेतल्या. तिथले ख्रिस्ती प्रकाशक शिवीगाळ आणि शय्यादृश्ये वर्ज्य मानतात, त्यामुळे पाप धूसर राहते आणि पश्चात्ताप मात्र सविस्तर येतो.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांनी घरी परतला तेव्हा त्याच्या पिशवीत अशीच एक कादंबरी होती. पुढच्याच रविवारी त्याने चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष दिली, म्हणजे देवाने आपले आयुष्य कसे बदलले ते सांगितले, लोकांचे डोळे पाणावले, आणि मी मात्र उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाआधीच उठले, कारण आईच्या औषधाची वेळ झाली होती. ती कादंबरी मी आईच्या उशाशी बसून, रात्रीच्या दोन गोळ्यांमधल्या वेळात वाचली. नायिकेला एक थोरली बहीण होती. तिच्या वाट्याला चार वाक्ये आली होती (मी मोजली), आणि त्यांतले एक ‘जेवलीस का?’ हे होते. हे मी भावाला दाखवले तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, तू उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ झाली आहेस.’

वाद मिटला असे त्याला वाटले. येशूची ही गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे: वाट्याची संपत्ती उधळून धाकटा मुलगा परततो, बाप मेजवानी देतो, आणि घरीच राबलेला थोरला रागावतो. तो 15वा अध्याय भावाने नीट वाचायला हवा होता. थोरला शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, आणि घरात काय चालले आहे हे त्याला चाकराला विचारावे लागते. म्हणजे त्याला बोलवायला कोणी गेलेलेच नव्हते. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, पण तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. एवढे मोठे न लिहिलेले प्रकरण आयते समोर असताना हे लेखक दर वेळी धाकट्याच्याच मागे का धावतात, हे मला कळलेले नाही.

वाचायचीच असेल तर मॅरिलिन रॉबिन्सन यांची 2008 सालची ‘होम’ वाचावी. ती या साच्यातली नव्हे, म्हणूनच सुचवते. वीस वर्षांनी परतलेल्या जॅकला नवी सुरुवात जमत नाही, तो पुन्हा निघून जातो, आणि हे सारे आपल्याला दिसते ते म्हाताऱ्या वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या ग्लोरी या त्याच्या बहिणीच्या नजरेतून.

मी वाचलेल्या अशा कादंबऱ्या वीस-पंचवीसच असतील, आणि त्या पिशवीतल्या पुस्तकानेच भावाला घरची वाट धरायला लावली, हेही मला मान्य आहे. परंतु आपण स्वतः परतण्याच्या विचारात असाल, आणि प्रश्नाच्या सुरावरून तसे वाटते, तर साक्ष देण्याआधी औषधांची वही कुठे असते ते विचारा. माझ्या भावाने ते तिसऱ्या महिन्यात विचारले. तोवर वहीची दोनच पाने कोरी उरली होती.