वडोदऱ्याजवळच्या पादरा गावापाशी जमीन घेतो आहे; शेजाऱ्याच्या बोअरच्या पाण्याचा हक्क विकत मिळेल का?

नाही, पाणी विकत मिळेल, पण त्याचा मालकी हक्क जमिनीवेगळा मिळणार नाही, कारण १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकाचा असतो आणि तो जमिनीबरोबरच जातो. गुजरातेत बोअरवाले शेतकरी जमिनीखालून पाइप टाकून शेजाऱ्याला तासाच्या दराने किंवा पिकातील वाट्यावर पाणी देतात, पण हा व्यवहार बहुधा तोंडी असतो आणि देणाऱ्याचे पीक भिजल्यावरच घेणाऱ्याची पाळी येते. (ऐन उन्हाळ्यात ती कधी येईल, हे विचारून घ्या.) तेव्हा वडोदऱ्यात बसून केवळ ‘शेजारी पाणी देतो’ या शब्दावर जमिनीचा भाव ठरवू नये. नर्मदेच्या कालव्याला मात्र हे लागू नाही. ते पाणी सरकारी असून परवानगीशिवाय उपसता येत नाही.