वाचकांचे प्रश्न : रेल्वेच्या जुन्या पाट्या, भित्तिपत्रके आणि पुस्तके

प्रश्न : भद्रकालीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला रेल्वेची इनॅमलची पाटी दिसली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत आणि मराठीत ‘तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकरिता’ असे लिहिले असून खाली जी.आय.पी.आर. ही आद्याक्षरे आहेत. पाटी खरी आहे की नाही हे कसे ओळखावे? आणि ती घरात ठेवणे कायद्याला धरून आहे का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर पाटी अस्सल असूनही ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ यानुसार, चोरीची किंवा गैरमार्गाने मिळवलेली असल्याचा वाजवी संशय यावा अशी रेल्वेची वस्तू एखाद्याच्या ताब्यात सापडली, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे त्यालाच सिद्ध करावे लागते. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा न विचारता ‘ही पाटी आली कुठून?’ हा विचारावा. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते, परंतु ते मोठ्या लॉटमध्ये जाते. त्यामुळे एखादी सुटी पाटी आपल्यापर्यंत पोहोचते ती भंगाराच्या व्यापाऱ्यामार्फत, दोन-तीन हात बदलून. लिलावाच्या कागदाची प्रत मिळाली तर उत्तमच. निदान दुकानदाराची तारीख, वर्णन आणि सही असलेली पक्की पावती घ्यावी, पाटीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि ती कोठून आली याची हकिगत त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. पावती द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून वस्तू घेऊ नये, मग ती कितीही मोहात पाडणारी असो.

आता अस्सलपणाविषयी. पाटीवरील मजकूरच तिचा काळ बराचसा सांगतो. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ही १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी चालवणारी आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा १ : ३७ चढाचा मार्ग खुला करून लोहमार्ग इगतपुरीच्या पठारावर आणणारी कंपनी होय. तिचा कारभार १९२५ मध्ये सरकारने हाती घेतला, तरी नाव चालूच राहिले, ते ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. तेव्हा तुमची पाटी खरी असेल तर ती १९५१ च्या आधीची असली पाहिजे. ‘उतारू’ हा शब्दही त्या काळाशी जुळतो. आज सर्वत्र ‘प्रवासी’ किंवा ‘यात्री’ झाले आहे, पण एके काळी मराठीत गाडीने जाणारा तो उतारूच असे, आणि मला तो शब्द फार आवडतो.

मजकूर मात्र कोणालाही नव्याने लिहिता येतो, म्हणून पाटी हातात घ्यावी. इनॅमल म्हणजे काचेची पूड पोलादी पत्र्यावर सुमारे आठशे अंश सेल्सिअस तापमानात भाजून तयार केलेला थर असतो. प्रत्येक रंग वेगळा चढवून वेगळा भाजलेला असल्याने, डोळे मिटून अक्षराच्या कडेवरून बोट फिरवले की एका रंगाचा थर दुसऱ्यापेक्षा किंचित उंच लागतो. साध्या ऑइलपेंटच्या पाटीवर अशी काचेसारखी गार, कठीण कड लागत नाही. मग खिळ्यांची भोके पाहावीत. खऱ्या पाटीवर भोकाभोवती वायसर बसलेल्या जागेचे गोल वर्तुळ राहते, टवके तेथून आणि कडांपासून उडू लागतात, आणि उघड्या पत्र्यावरचा गंज काळपट, घट्ट बसलेला असतो. आम्ल लावून मुद्दाम जुनी केलेली पाटी सगळीकडे सारख्याच नारिंगी गंजाने माखलेली दिसते आणि तो गंज बोटाला लागतो. पाठीमागची बाजू विसरू नये : अस्सल पाटीवर तेथेही गडद रंगाचा भाजलेला थर असतो.

ओतीव पट्ट्यांच्या बाबतीत फसवणूक याहून सोपी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात इंजिनाची पितळी नंबरपट्टी पुष्कळ पैसे मोजून घेतली. पुढे एका जाणत्या स्नेह्यांकडील त्याच धाटणीच्या मूळ पट्टीशेजारी ती ठेवली, तेव्हा साठ सेंटीमीटर लांबीत माझी पट्टी आठ मिलिमीटर आखूड भरली. पितळ थंड होताना शेकडा दीडच्या आसपास आकसते. मूळ पट्टीचा साचा घेऊन नवी ओतली की ती तेवढी लहान होते. मोजपट्टी खिशात असती तर ते नुकसान टळले असते, म्हणून हे सविस्तर लिहिले.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरेसे आहे. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नये. आम्लाने इनॅमलची चकाकी जाते. पाटी लगेच कोरडी करावी, गंजलेल्या जागी मेणाचा पातळ हात द्यावा, आणि उडालेले टवके रंगाने भरू नयेत. पावसाळ्यात गॅलरीत तर मुळीच टांगू नये.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत रेल्वेची दोन रंगीत प्रवासी भित्तिपत्रके गुंडाळलेली सापडली. लॅमिनेशन करून घ्यावे का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : कृपया करू नका. ते परत निघत नाही आणि कागद कायमचा जातो. चिकटपट्टीही लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. प्रथम भिंग घेऊन रंग पाहा : बारीक ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती बहुधा अलीकडची ऑफसेट छपाई आहे, तर जुन्या शिळाछापात रंग सलग किंवा खरखरीत दाण्यांचे दिसतात. गुंडाळी एकदम उलगडू नये. ती दोन-तीन दिवस हळूहळू मोकळी होऊ द्यावी, नंतर आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवावी. कसरीसाठी आपल्याकडे पोथ्यांजवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवतात ती ठेवायला हरकत नाही, फक्त ती कागदाला टेकता कामा नये.

प्रश्न : रेल्वेच्या इतिहासाची पुस्तके जमवायची आहेत. सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : विकत घेण्याआधी वाचा. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय तुमच्या गावातच आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’ जरूर पाहावे. आगगाडी नवी असताना तिच्याकडे पाहणारा मराठी माणूस तुम्हाला त्यात भेटेल. संग्रहासाठी मात्र मी जुन्या वेळापत्रकांची शिफारस करीन. कोणती गाडी कोठे थांबत होती, किती वेळ घेत होती, भाडे काय होते, हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच कोठे मिळते, आणि रद्दीवाल्यांकडे ती अजूनही किलोच्या भावाने जातात. वर्ष छापलेले मुखपृष्ठ शाबूत असेल तरच घ्यावे. आणि १९५३ मध्ये रेल्वेच्या शताब्दीनिमित्त निघालेले दोन आण्यांचे टपाल तिकीट मिळाले तर तेही घ्या. त्यावर १८५३ आणि १९५३ अशी दोन्ही काळांतील इंजिने आहेत, आणि ते छापले गेले आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये.