घर सोडण्याआधी पहिली रात्र कुठे, ते ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला नवऱ्याची मारहाण आता सोसवत नाही. पदरात तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. घर सोडलं तर राहायचं कुठे, आणि एकदा उंबरा ओलांडला की घरावरचा नि मुलांवरचा हक्क जातो का, हे तुमचे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण याच भीतीपायी बायका वर्षानुवर्षं मार खात राहतात. हक्क जात नाही.

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 17 बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं, मग घर कुणाच्याही नावावर असो. 'घर सासूचं आहे, तुझा काय संबंध' हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं असेल. सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितलं आहे की सून जिथे संसार करून राहिली ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं. कलम 19 खाली न्यायालय नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं, नाहीतर तिला तशीच दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला लावू शकतं. आणि अर्ज करायला सासरच्या गावी जावं लागत नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तो चालतो. मुलांचा तात्पुरता ताबाही त्याच अर्जात मागता येतो. वकिलाच्या पैशांची काळजी नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

आता राहण्याचं. मी बारा वर्षं एका महिला आश्रयगृहात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायला जाते, त्या अनुभवावरून सांगते. 181 ही महिला हेल्पलाईन. तिथून जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक यांची गाठ तिथेच घालून देतात. पाच दिवस फार थोडे वाटतील, पण ते पुढची जागा शोधण्यासाठीच असतात. पुढची जागा म्हणजे शक्ती सदन (पूर्वी त्याला स्वाधार गृह म्हणत), शासनाचं महिला राज्यगृह किंवा एखाद्या संस्थेचं घर. याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला आजच भेटून ठेवा. बाईने मागितलं तर सुरक्षित निवारा मिळवून देणं हे कलम 9 प्रमाणे त्यांचं कामच आहे, आणि त्यांनी विनंती केली की कलम 6 प्रमाणे आश्रयगृहाला जागा द्यावी लागते. म्हणून 'जागा नाही' हे उत्तर फोनवर ऐकून गप्प बसू नका.

खरी अडचण तेरा वर्षांच्या मुलाची आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. बायकांच्या आश्रयगृहात मुली ठेवून घेतात, पण मुलग्यांना वयाची अट असते, आणि साधारण बारा ओलांडलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. दारात पोचल्यावर हे कळलं की आई मुलाला सोडून आत जायला तयार होत नाही आणि त्याच पावली माघारी फिरते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दुसरी वाट बालकल्याण समितीमार्फत बालगृहाची, पण आईच्या मारहाणीला मधे पडलेल्या पोराला वाटतं की आपल्यालाच शिक्षा झाली. शक्य असेल तर त्याला तुमच्याकडे ठेवा, ती आणि धाकटी आश्रयगृहात, आणि न्यायालयाकडे वेगळ्या जागेचं भाडं मागायचं म्हणजे तिघं लवकर एकत्र येतील. पण नवरा सगळ्यात आधी तुमच्याच दारात येणार. तुमच्या घरी त्याला तोंड देणारं कुणी नसेल, तर त्याला ठाऊक नसलेलं दुसरं घर बघा. मुलाला हे सगळं आधी नीट सांगा. तो लहान नाही.

पुण्याजवळ वढू बुद्रुकला 'माहेर' नावाची संस्था आहे. 1991 मध्ये एक गरोदर बाई सिस्टर ल्युसी कुरियन यांच्याकडे निवारा मागायला आली. त्यांच्या हातात तेव्हा जागा नव्हती, म्हणून त्या म्हणाल्या, उद्या ये. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. ती वाचली नाही. त्या घटनेने हादरलेल्या ल्युसीबाईंनी 1997 मध्ये 'माहेर' उभं केलं. हे सांगते ते घाबरवायला नाही. बाई निघायला बघतेय हे नवऱ्याला कळतं तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे बहिणीला बजावा, भांडणात 'मी सोडून जाईन' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. निरोप न घेता, तो कामावर असताना निघायचं.

निघण्याआधी आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये येऊ द्या. मूळ कागद हाती लागले तर उत्तम, नाही लागले तर त्यापायी थांबायचं नाही. शाळेच्या दाखल्यासाठीही अडू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दागिने राहिले तर स्त्रीधन परत द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. फोनकडे मात्र नीट लक्ष द्या. बहुतेक वेळा तो नवऱ्यानेच घेऊन दिलेला असतो, गूगल खातं त्याच्या हातात, बँकेचे मेसेज त्याच्या नंबरवर. तिने नव्या गावात शंभर रुपये काढले तरी त्याला कळतं. जुना फोन बंद करून मागे ठेवणं बरं.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून डॉक्टरांना कारण खरं सांगायचं. 'पडले' असं लिहून गेलं की पुढे ते पुसता पुसत नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेली, मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी 'दिलासा' केंद्रं आता पालिकेच्या इतरही रुग्णालयांत आहेत. पोलिसांत नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत पाठवलं तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष कुठे आहे ते विचारा. हे काम 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलं, आता राज्यभर आहे. तिथल्या समाजसेविका 'जमवून घे' म्हणत नाहीत. नवरा हरवल्याची तक्रार देईल, तेव्हा 'मी माझ्या मर्जीने आले आहे, मुलं माझ्याजवळ सुखरूप आहेत' एवढा जबाब तिने जवळच्या ठाण्यात द्यायचा. राहण्याचा पत्ता नवऱ्याला देऊ नका, हेही तिथे सांगायचं.

आश्रयगृहाबद्दल गोड चित्र रंगवणार नाही. फाटकाच्या वेळा असतात, काही ठिकाणी मोबाईल जमा करावा लागतो, स्वयंपाकाची पाळी लागते, रात्री कुणाचं तरी मूल रडत असतं. मुलं पहिले दोन दिवस गप्प, मग अंथरूण ओलं करतात, चौथ्या दिवशी 'घरी कधी जायचं' म्हणून हट्ट धरतात, आणि त्या हट्टापायी आई डगमगते. हे दिवस जातात. साधारण तिसऱ्या आठवड्यात मुलं जोरात भांडायला लागतात, तेव्हा मला बरं वाटतं. मोठ्या आवाजाची भीती कमी झालेली असते.

आणि ती परत गेली तर? जाईलही. अशाच एका परत निघालेल्या बाईला मी फार बोलले होते, 'मग आलीस कशाला' इथपर्यंत. पुढच्या वेळी तिला मार बसला तेव्हा तिने कुणालाच फोन केला नाही, हे मला शेजारणीकडून कळलं. बहीण परत गेली तरी तुमचं दार उघडं आहे, एवढंच तिच्या कानावर पडू द्या.

तुम्ही स्वतःही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मात्र तिच्या मनाविरुद्ध, तिला न सांगता हे करू नका, अगदी जिवावर बेतलं असेल तेवढं सोडून. तेव्हा सरळ 112 ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन.

गाव आणि तालुका इथे उघड लिहू नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्या जिल्ह्यातल्या सखी केंद्राला आणि संरक्षण अधिकाऱ्याला उद्या सकाळी मी फोन लावते. मुलाचं वयही त्यांना आधीच सांगते.